चेहरा तेवढा राखून ठेवला होता

तसबिरीची काच तडकली, एवढंच निमित्त झालं. कुणाचा धक्का लागला नव्हता की खिळा सुटला नव्हता. सकाळी बघावं तर काचेवर आडवी रेघ. तसबीर लेखिकेच्या नवऱ्याची होती. जेवणं उरकून सासूबाई आडव्या झाल्या, तशी तिने ती जुन्या टॉवेलात गुंडाळली आणि कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडे निघाली.

ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फ्रेमवाला पंख्याखाली पेंगत होता, पण हिला बघून ताडकन उठला. त्याची मुलगी हिच्या पुस्तकांची वेडी.

"बाई, आधी एक सांगा. त्या मुखवट्याच्या आड कोण आहे? आमच्या घरी दुसरा विषय नाही हो."

"पुढच्या पुस्तकात," ती हसून म्हणाली. सगळ्यांना ती हेच सांगायची.

तिची पुस्तकं होतीच तशी. उडते किल्ले, बोलणारी वादळं, शापित नद्या, आणि या सगळ्यात एक मुखवटा घातलेला सरदार. पाच पुस्तकं झाली तरी त्याने मुखवटा काढला नव्हता. त्यामुळे अर्ध्या गावाच्या मुली त्याच्यावर जीव टाकून होत्या आणि उरलेलं अर्धं गाव त्या मुलींवर वैतागलेलं होतं.

फ्रेमवाल्याने मागचे खिळे उपसले, फोटो बाहेर काढला आणि उजेडात धरला. फोटोत नवरा लिफ्टच्या उघड्या दाराशी उभा होता, हातात पाना. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा.

"साहेब डावखुरे होते वाटतं," फ्रेमवाला सहज म्हणाला.

"छे हो," असं म्हणायला तिने तोंड उघडलं. मग फोटोकडे बघितलं. पाना डाव्या हातात होता. तिने आठवायला सुरुवात केली. चहाचा कप तो कुठल्या हाताने उचलायचा? जेवताना तिच्या कोपराला त्याचा कोपर लागायचा का? इतकी वर्षं एका ताटात खाल्लेल्या माणसाचा हात तिला आठवेना. आठवत होतं ते एकच: तिच्या तिसऱ्या पुस्तकात सरदार डाव्या हाताने तलवार उपसतो. ते पान तिला शब्दन् शब्द पाठ होतं.

"बाई, पाणी देऊ का?" फ्रेमवाल्याने विचारलं. तिचा चेहरा उतरला असणार.

आता तिची लिहिण्याची तऱ्हा सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं हवेतलं वाटेल.

लोक तिला नेहमी विचारत, तुम्हाला हे सुचतं तरी कुठून? त्यावर तिची ठरलेली उत्तरं होती. पावसाळी ढग, आजीने सांगितलेल्या गोष्टी, रेल्वेच्या खिडकीतून दिसणारे डोंगर. सगळी शुद्ध थाप. तिला आजी लाभलीच नव्हती. खरं असं होतं की नवरा तापाने गेला, त्यानंतर महिनाभराने ती पहिल्यांदा लिहायला बसली, कारण दुपार खायला उठायची. डोळे मिटून तिने त्याची एकच गोष्ट हाताशी घेतली, त्याचा वास. ग्रीस, कपड्याचा साबण आणि उन्हात तापलेलं लोखंड. तो वास तिने तोंडाने पुन्हा पुन्हा सांगितला, स्वतःलाच, अगदी नाकाशी येईपर्यंत, आणि मग तसाच्या तसा उचलून सरदाराच्या अंगाला लावला. पुस्तक तुफान चाललं. तेव्हापासून रीत ठरून गेली. दर पुस्तकाला नवऱ्याची एक गोष्ट काढायची आणि सरदाराला द्यायची. वास, खांदे, डावा हात, जिना चढताना किंचित ओढला जाणारा पाय, आणि पाचव्या पुस्तकात आवाज.

नायिका, म्हणजे सरदाराची राणी, मात्र तिने बाहेरून जमवली होती. केस बँकेतल्या कारकून मुलीचे, उंच मान बसथांब्यावर दिसलेल्या कुणाची, धीटपणा तर कुणाचाच नाही. स्वतःला तिने पुस्तकात कधी घेतलं नाही. आपल्यात घेण्यासारखं आहे काय, असं तिला प्रामाणिकपणे वाटायचं.

पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा कपाटातल्या त्याच्या सदऱ्याला कसलाच वास उरला नव्हता. तिने मनाची समजूत घातली, काळ लोटला की असं व्हायचंच. खांदे आठवेनासे झाले तेव्हाही तीच समजूत. त्या दुपारी फ्रेमवाल्याच्या दुकानात पहिल्यांदाच तिने सगळ्याची गोळाबेरीज केली. जे जे लिहिलं, ते तिच्या आठवणीत राहिलं नव्हतं. त्याचं तिच्याकडे एकच शिल्लक होतं, कारण ते तिने मुखवट्याखाली झाकून ठेवलं होतं. चेहरा.

तसबीर नव्या काचेसह घेऊन ती घरी परतली. चार मजले. लिफ्ट होती, पण नवरा कधी तिच्यात पाऊल ठेवायचा नाही. "मला तिची आतली लक्षणं माहीत आहेत," म्हणायचा, आणि जिन्याने चढायचा. तीही जिन्यानेच चढली. वरच्या वळणावर तिला वास आला. ग्रीस, साबण, तापलेलं लोखंड. तिच्या मनात आलं, अरे, हा तर सरदाराचा वास.

दार लोटलेलं होतं. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज येत होता. त्यांना दिसायचं कमी, ऐकू मात्र सगळं यायचं, नको तेही.

"असं भिंतीकडे तोंड करून काय बसतोस? मी काय तुला परकी आहे?... बोल ना रे..."

ती दारातच थबकली. खिडकीखालच्या स्टुलावर कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं. अंगात निळा कामाचा सदरा, रुंद खांदे, मान किंचित कललेली. खिडकीचं ऊन त्याच्या अंगावर पडलं होतं आणि फरशीवर सावलीही होती. ते खांदे तिला ओळखीचे वाटले, पण बायकोला वाटावेत तसे नाहीत. ते खांदे तिने लिहिले होते. 'ओझं उचलून उचलून डावा खांदा जरा खाली उतरलेला,' दुसऱ्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण.

"आई..." तिने हळूच हाक मारली.

"आलीस? बघ कोण आलंय." सासूबाईंचा सुरकुतलेला चेहरा नुसता फुलून आला होता. "जिन्यावर पाय वाजला तेव्हाच ओळखला मी. पण तोंड दाखवत नाही ग. रागावलाय का माझ्यावर?"

स्टुलावरचा माणूस बोलला. आवाज जड होता, खालच्या पट्टीतला.

"वादळं ओलांडून आलो आहे, माते. परंतु मुखवटा उतरवण्याची घटिका अजून आलेली नाही..."

सासूबाईंनी सुनेकडे तोंड वळवलं. "हा असा नाटकातल्यासारखा काय बोलतोय?"

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. आवाज त्याचा असेल, सासूबाई त्याला मुलगा म्हणत होत्या म्हणजे असणारच. पण वाक्यं तिची होती. भिंतीला धरून धरून ती पुढे झाली, स्टुलाला वळसा घालून समोर गेली. त्याने घाईघाईने डावा हात चेहऱ्यावर घेतला. बोटांच्या फटींतून तिला दिसलं ते एवढंच, की हाताखाली नाक नव्हतं, डोळे नव्हते, काही नव्हतं. मळून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखं गुळगुळीत, आणि ते हलत होतं. श्वास घेत होतं.

"अजून नाही..." तो कळवळून म्हणाला. "लिहिलेलं नाही अजून..."

उन्हाची तिरीप खिडकीवरून सरकली आणि स्टूल रिकामं झालं.

त्यानंतर तो रोज यायला लागला. दुपारची भांडी घासून व्हायची, इमारत चिडीचूप व्हायची आणि जिन्यावर एक पाय किंचित ओढत येणारी पावलं वाजायची. सुरुवातीला ती लिहिण्याच्या खोलीत कडी लावून बसली. मग एक दिवस कडी काढून बसली. मग स्वयंपाकघरात येऊन त्याच्या पाठीमागे बसायला लागली. भीती होती, ती गेली नव्हती. पण भीतीच्या वरताण दुसरं काहीतरी होतं. इतक्या वर्षांत त्या घरात पुरुषाचा श्वास ऐकू आला नव्हता. ती त्या पाठीकडे तासन्‌तास बघत राहायची आणि मनातल्या मनात त्या पाठीवर आपल्याजवळचा चेहरा बसवून बघायची. एकदा तिने हात पुढे करून त्याच्या पाठीवर ठेवला. पाठ उबदार होती. तेच जास्त वाईट होतं. गार असती तर ती हात काढून घेऊ शकली असती.

"माझं नाव घ्या ना एकदा," ती पुटपुटली. "तुम्ही मला कुठल्या नावाने हाक मारायचा, मी ते विसरले हो..."

त्याने तोंड भिंतीकडेच ठेवलं. मग म्हणाला, "कोण आहात आपण? माझी राणी कोठे आहे?"

तिने हात मागे घेतला. त्याचं काय चुकलं, ती स्वतःशी म्हणाली, मी दिलं तेवढंच त्याच्याकडे.

संपादकबाईंचा फोन रोजचाच होता. त्या बोलायला गोड आणि मागे लागायला चिवट.

"मुखवटा काढा हो आता, ताई. वाचक माझी मान धरतील. आणि शेवट गोड हवा. घरी येऊ दे बिचाऱ्याला, आई भेटू दे, बायको भेटू दे. पाच पुस्तकं रडवलंत, पुरे झालं."

"बघते," ती म्हणाली.

"बघते म्हणजे लिहीत नाही, हे मला कळतं हं."

फोन ठेवला आणि ती भिंतीवरच्या तसबिरीसमोर उभी राहिली. हे तिचं रोजचं होतं. उजव्या भुवईत कांजिण्यांचा एक व्रण, तिथे केस उगवत नसत. एक कान दुसऱ्यापेक्षा जरा बाहेर आलेला. त्यावरून ती त्याला किती चिडवायची. हसताना डोळे आधी हसायचे आणि तोंड मागून यायचं. हे सगळं तिला अजून दिसत होतं, डोळे मिटूनही दिसत होतं. माणूस गेला, वास गेला, आवाज गेला, तरी ती विधवा म्हणून कुणाची तरी होती, ती या चेहऱ्यामुळे.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. पंधरवड्यात त्या खंगल्या होत्या. जेवण तुटलं होतं. दुपारभर मुलाच्या पाठीशी बोलायचं आणि रात्री उशीत तोंड खुपसायचं.

"तुला ठाऊक आहे ना," त्या म्हणाल्या, "तो तोंड का दाखवत नाही ते."

ती काय लपवणार? तिने सगळं सांगून टाकलं.

"मग लिही की ग."

"आई, लिहिलं तर तो माझ्याकडून जाईल. समोर बसला तरी मला ओळखता येणार नाही. तुम्हाला मुलगा मिळेल, मला एक परका माणूस."

सासूबाईंनी तिचा हात शोधून हातात घेतला.

"माझे आता किती दिवस राहिलेत? डोळे पुरते विझायच्या आत एकदा बघू दे मला. तू विसरलीस तर विसर. मी आहे ना! मी सांगेन तुला, हा तुझा नवरा. त्यालाही सांगेन, ही तुझी बायको, तुझ्यामागे हिने मला पोटच्या मुलीसारखं सांभाळलं. नवी ओळख करून देईन दोघांची. पूर्वीही मीच तर करून दिली होती."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. सासू-सुनेचं सूत इतकं जमलेलं बघून शेजारणी जळायच्या, ते उगीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लिहायला बसली. खोलीचं दार आतून लावून घेतलं. चेहरा हाताशी घेतला, वरपासून खालपर्यंत मोठ्याने सांगितला, पुन्हा सांगितला, आणि सरदाराच्या मुखवट्याच्या फिती सोडल्या. भुवई लिहिली. वाक्याला पूर्णविराम दिला आणि भुवई विझली. कान लिहिला, कान गेला. तिने मान वर करून तसबिरीकडे बघायचं टाळलं. ती मुद्दाम खोलीत आणून ठेवली होती. डोळ्यांपाशी तिचा हात अडला. एवढे डोळे ठेवू का? पण बिनडोळ्यांचा मुलगा त्या म्हातारीपुढे कसा न्यायचा? तिने डोळे लिहिले. इतकं सुंदर तिने आयुष्यात काही लिहिलं नव्हतं, आणि लिहिता लिहिता ती हुंदके देत होती. कशासाठी, ते शेवटी शेवटी तिचं तिलाच कळेना.

मग राहिला गोड शेवट. डोकं बधिर झालं होतं, संपादकबाईंचं बोलणं कानात होतं, आणि शेवट तिने सवयीने भरभर उरकला. सरदार घरी येतो. आई त्याचा चेहरा चाचपते. आतल्या खोलीचं दार उघडून त्याची राणी बाहेर येते. लांब केस, उंच मान. संपलं.

तिने समोर बघितलं. तसबिरीत कुणीतरी गृहस्थ पाना घेऊन उभे होते. बरे वाटले. स्वभावाने चांगले असावेत, असं तिच्या मनात आलं.

बाहेर हसण्याचा आवाज होता. तिने कडी काढली आणि बाहेर आली.

जेवायच्या टेबलाशी ते तसबिरीतले गृहस्थ बसले होते. सासूबाई त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपत होत्या, भुवई, कान, गाल, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी गाळत होत्या. "माझा गुंड्या... माझा गुंड्या ग बाई..." तेही हसत होते. त्यांचे डोळे आधी हसले, तोंड मागून आलं. तिच्या छातीत काहीतरी जोरात हललं. हात नको तिथे लागला आणि जुनं दुखणं उठलं तसं, पण ते दुखणं कसलं ते तिला आठवेना. फक्त एवढं कळलं, की या माणसाने आपल्याकडे बघावं. एकदाच बघावं, म्हणजे आपण इथेच उभ्या राहू, जन्मभर.

त्यांनी बघितलं. पाहुण्याकडे बघतात तसं, अदबीने.

"आई..." ती पुढे होऊन हलक्या आवाजात म्हणाली, "हे... कोण? तुम्ही सांगणार होतात ना मला..."

सासूबाईंनी तिच्याकडे तोंड वळवलं. किती वर्षांनी त्या निवांत दिसत होत्या. चेहऱ्यावर कुठे म्हणून कपट नव्हतं.

"अहो, हा माझा मुलगा. परदेशी होता इतके दिवस." मग जरा संकोचून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "तुम्ही उभ्या का? बसा ना. कोणाकडे आला होतात आपण?"

"आई, मी..." तिने बोलायला सुरुवात केली. पुढचा शब्द आलाच नाही. मी कोण, ते सांगायचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं होतं.

"त्याची बायको आत आहे," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "आवरते आहे. येईलच एवढ्यात."

हे वाक्य आपण कुठेतरी वाचलं आहे, असं तिला वाटलं. तिने मागे वळून बघितलं. ज्या खोलीतून ती आत्ताच बाहेर आली होती, तिचं दार तिने उघडं टाकलं होतं. आता ते लावलेलं होतं. खोलीत दुसरं कुणी असणं शक्य नव्हतं. सकाळपासून ती एकटीच तिथे बसली होती.

टेबलाशी बसलेला माणूस उठून उभा राहिला. तो दाराकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत इतकी वाट बघितलेली दिसत होती, की ती बाजूला झाली.

आतून कुणीतरी कडी काढली.